समेआधी थांबणारा लेहरा

बडोद्यात, मांजलपूरच्या आमच्या बैठ्या टेनामेंटसमोरून जाणाऱ्या माणसाला आमच्याबद्दल दुसरं काही कळो न कळो, इथे कोणीतरी तबला बडवतं एवढं नक्की कळायचं. बाबा नंदेसरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी परत, कपड्यांना कसला तरी आंबूस वास, मग आंघोळ, चहा आणि लगेच पुढच्या खोलीत शिकवणी. त्यांचे आजोबा संस्थानाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचे. त्या एका ढोलाच्या जोरावर बाबा "आपलं घराणं लयीचं" असं कुणालाही बेधडक ऐकवायचे. आई तरसालीच्या एका शाळेत शिकवायची आणि घरात कामं करता करता गायची. माझ्या वाट्याला पेटी आली होती. तबल्याचा विद्यार्थी बसला की त्याला सोबत म्हणून पेटीवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवायची असते, तिला लेहरा म्हणतात. ओळ गोल फिरते आणि दर फेरीला तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, येऊन पडते. वाजवणारा कुठेही भटकून आला तरी समेवर त्याने लेहऱ्याला गाठायचं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते मी, मैत्रिणी संध्याकाळी सेव-उसळ खायला जायच्या, आणि मी मात्र तीच ती ओळ वाजवत बसायचे. कंटाळा यायचा. बोटं आपोआप चालायची आणि डोकं भलतीकडेच असायचं.

माझा धाकटा भाऊ विनू तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेल. तो बोलत नव्हता. चालायला उशिरा लागला, हात सारखे हलवायचा, माणसाकडे पाहण्याऐवजी माणसाच्या खांद्यापलीकडे पाहायचा. मुंबईच्या डॉक्टरांनी तेव्हा एवढंच सांगितलं होतं, की जन्मतःच काहीतरी आहे, गुणसूत्रांमध्ये, फार क्वचित होणारं. आज त्याच्या आजाराचं पक्कं नाव माझ्याकडे आहे. मध्यंतरी नात्यातल्या एका भाचीने त्याच्या थुंकीचा नमुना कुठेतरी पाठवला आणि रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. नाव म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची आगगाडी. मी ते दोनदा वाचलं आणि कुकर लावायला गेले. इतक्या वर्षांनी नाव कळून त्याला वरण पातळ आवडतं की घट्ट, यात काही फरक पडणार नव्हता.

पण विनू गुणगुणायचा. लेहरा तर असा सुरात, की बाबा शिकवणी थांबवून विद्यार्थ्याला म्हणायचे, "ऐक, ऐक जरा, लाज वाटू दे!" पाहुणे आले की बाबा त्याला हाताला धरून पुढे बसवायचे आणि मला पेटी उघडायला लावायचे. पाहुणे "अरे वाह, शुं वात छे!" म्हणायचे, बाबांची छाती फुगायची. आई तेवढ्या वेळात स्वयंपाकघरात निघून जायची. मला तेव्हा वाटे, तिला चहा करायचा असतो. मुलगा गातो याचं तिला काय कौतुक असणार? तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती तिने कधी लपवली नाही. त्याने एकदा हाक मारावी. "आई" म्हणू नको, नुसता ओरड, ताट आपट, काय वाटेल ते कर, पण तुला काही हवंय म्हणून माझ्याकडे बघ.

याला कारण होतं. एका रविवारी आई थेपले लाटत होती आणि आतल्या खोलीतून विनूचा लेहरा ऐकू येत होता. अगदी लयीत, प्रत्येक फेरी समेवर. "आज स्वारी खुशीत आहे," असं ती मला म्हणालीही. सगळे थेपले झाल्यावर ती आत गेली, तर लोखंडी कपाटाच्या दारात विनूची दोन बोटं चेंगरली होती आणि तो तसाच उभा राहून गुणगुणत होता. नखं काळी पडली होती, गालावरून पाणी वाहत होतं. त्याचा आनंदातला लेहरा आणि हा लेहरा, दोन्ही सारखेच होते. त्या रात्री आई जेवली नाही. "उद्या आपण नसलो आणि हा कुठे अडकला, तर लोक म्हणतील गातोय बिचारा," ती बाबांना म्हणाली.  पाहुण्यांसमोर त्याला बसवणं बाबांनी त्यानंतर सोडून दिलं.

हेतलबेनचा पत्ता आईला शाळेतल्या कुणीतरी दिला. ही मुलगी माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी, बाहेरगावी शिकून आलेली. तरसालीत एका घराच्या वरच्या मजल्यावर तिने खोली घेतली होती, आणि तिथे ती अशा मुलांना गाण्याबजावण्यातून इतरांशी संबंध ठेवायला शिकवायची. आता आमच्या कोपऱ्यावरच म्युझिक थेरपीची चकचकीत पाटी आहे. तेव्हा बाबांना वाटलं, गाण्याची शिकवणी. ते पहिल्या दिवशी मुद्दाम रजा काढून आले, भिंतीला टेकून बसले, आणि हेतलबेनने तोंड उघडल्याबरोबर त्यांचा चेहरा आंबट झाला. तिचा आवाज गोड होता, पण सूर जरा खालीच लागायचा. परत येताना स्कूटरवर ते आईला म्हणाले, "हिचा षड्जच हलतोय. ही काय शिकवणार आपल्या पोराला? त्याच्याकडेच हिला पाठवू शिकायला!" आई मागे बसून नुसती "हळू चालवा" म्हणाली. विनू दोघांच्या मधे होता, मी सायकलवरून मागे.

हेतलबेन शिकवत नव्हतीच. विनू डब्यावर टकटक करायचा, तशीच टकटक ती दुसऱ्या डब्यावर करायची. तो थांबला की ही थांबायची. असं बराच वेळ चालल्यावर एकदा त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आपल्याला कोण चिडवतंय म्हणून. हेतलबेनला इतका आनंद झाला, की तिने टाळी वाजवली आणि तो पुन्हा खाली बघायला लागला. "माझीच चूक," ती म्हणाली आणि हसली. तिला उशिरा येण्याची सवय होती, पिशवीत चाव्या कधी सापडायच्या नाहीत, आणि मराठी ती आमच्याशी बोलून बोलूनच शिकली. मला ती आवडायची. खरं सांगायचं तर विनूला घेऊन जायला मी तयार व्हायचे, त्यात अर्धं कारण तीच होती.

तिने घरी करायला एक काम दिलं. विनूला जी ओळ येते ती वाजवायची आणि शेवटचा सूर सोडून द्यायचा. मग वाट बघायची. तो सूर त्याने घातला तर उत्तमच, पण नाही घातला तरी त्याने वर पाहिलं पाहिजे, कोण थांबलं, का थांबलं. "त्याला जागा द्या ने," ती बाबांना म्हणाली. "तुमच्या घरात सगळं इतकं भरेलं आहे, की त्याला काही मागायची गरजच नाही."

"म्हणजे सम सोडायची?" बाबांनी विचारलं.

"हा, तेवढीच."

"अहो बेन, सम ही काय सोडायची वस्तू आहे? माझ्या घरात? उद्या म्हणाल, जिना बांधा आणि शेवटची पायरी ठेवू नका!"

"पण ती तर गोल आहे ने, भाई," हेतलबेन म्हणाली. "जाईल कुठे? परत येणार."

यावर बाबा घरी येईपर्यंत फणफणत राहिले.

वाटतं तेवढं ते सोपं नव्हतं. मी लेहरा वाजवायचे, सम जवळ आली की ठरवून हात उचलायचे, आणि बोट खाली पडलेलंच असायचं. आई जेवताना "वरण, भात, तूप आणि..." असं गुणगुणून थांबायची, की तिच्याच तोंडून "लिंबू" निघायचं. मग ती कपाळावर हात मारून घ्यायची. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या घरात अर्धी ओळ म्हणजे वाहतं पाणी. कोणीतरी उठून नळ बंद करणारच. बाबांचा तर निम्मा जीव त्यात जायचा. शेवटी आईने फर्मान काढलं, की विनूचा सराव चालू असताना त्यांनी बाहेर ओट्यावरच्या झोपाळ्यावर, हिंचक्यावर, बसायचं. ते वर्तमानपत्र घेऊन गेले. मी लेहरा धरला, विनू गुणगुणू लागला, समेच्या तोंडाशी मी कशीबशी थांबले, विनूही थांबला. आणि बाहेरून धप् असा आवाज आला. बाबांचा पाय. बरोब्बर समेवर.

"अहो, तुमचा पाय!" आई ओरडली.

"पाय माझा असला तरी ऐकतो कुठे माझं?" बाहेरून उत्तर.

असं तीन-चार वेळा झालं. आई वैतागून आत निघून गेली. पण मी पाहिलं, की प्रत्येक धप्पला विनू दाराकडे बघत होता. पुढच्या भेटीत हे सांगितल्यावर हेतलबेन आधी चिडली. एवढा साधा नियम पाळता येत नाही का, म्हणाली. मग थोडा वेळ चाव्या चाळवत राहिली आणि तिने विचारलं, "त्याने दाराकडे पाहिलं? दर वेळी?" मी हो म्हटलं. "मग बाबांना सांग, पाय आपटायचा. पण विनूने आधी दाराकडे बघितलं तरच. नाही बघितलं तर पाय वर धरून बसा."

बाबांनी आयुष्यात पुष्कळ रियाज केला असेल, पण इतका अवघड कुठलाच नसेल. हिंचका दारासमोर आणून टांगला. दारातून त्यांना विनू दिसायचा, विनूला ते. लेहरा थांबायचा आणि बाबांचा पाय हवेत राहायचा. विनू छताकडे बघतोय, स्वतःच्या हातांकडे बघतोय, आणि इकडे बाबांच्या कपाळावर घाम. "अरे बघ की रे राजा," ते दबक्या आवाजात म्हणायचे. मला हसू आवरायचं नाही. कधीतरी तो बघायचा आणि पाय असा काही आपटायचा, की शेजारच्या मासी विचारायच्या, "शुं पडी गयुं?" दिवाळी गेली तोवर हे रोजचंच झालं होतं. पुढे पुढे मी पेटी न उघडताही विनू स्वतःच लेहरा गुणगुणायचा, समेच्या आधी थांबायचा आणि दाराकडे बघायचा. धप् ऐकलं की तोंडभर हसायचा. आईला याचं बरं वाटायचं आणि वाटायचंही नाही. "खेळ झाला हा," ती म्हणायची. "बोटं अडकली तर काय करेल?"

संक्रांतीला आमच्या घरात दोन सण एकदम असायचे. आई सकाळी गुळपोळ्या करायची, तिळगूळ वाटायची, आणि दुपारी सगळा मोहल्ला पतंग उडवायला अगासीवर, म्हणजे गच्चीवर. उत्तरायणाला बडोद्यात घरात बसणारा माणूस आजारी तरी असतो नाहीतर आमच्या बाबांसारखा तरी. प्रत्येक गच्चीवर स्पीकर, प्रत्येकाचं गाणं वेगळं. बाबा कानात कापूस घालून हिंचक्यावर बसले होते. विनूलाही तो गोंगाट सोसत नसे, म्हणून तो मागच्या चोकडीत, कपडे-भांडी धुवायच्या त्या चौकोनात, तीन भिंतींच्या आड जाऊन बसायचा. तिथे त्याला बरं वाटायचं. आई वर शेजारणींबरोबर होती. मी बाबांसाठी उंधियू आणि जिलेबीची ताटली घेऊन खाली आले, तेवढ्यात कुणाचा तरी पतंग तारांना लागला असावा, भप्पकन वीज गेली आणि आख्ख्या सोसायटीचे स्पीकर एकाच वेळी मुके झाले. वरून सगळ्यांनी एकच ओरडा केला आणि मग क्षणभर शांत झालं, तसा बाबांनी कानातला कापूस काढला.

त्या शांततेत घरामागून लेहरा आला. विनूचाच. समेच्या आधी थांबला. बाबांचा पाय सवयीने पडला, धप्. लेहरा पुन्हा सुरू झाला, पुन्हा त्याच जागी थांबला. धप्. मी ताटली त्यांच्या हातात देत होते. तिसऱ्यांदा लेहरा आला तो वरच्या पट्टीत, घाईघाईत, आणि थांबला. बाबांनी पाय उचलला आणि तसाच धरला.

"त्याला दार दिसत नाहीये तिथून," ते म्हणाले. "मग थांबतोय कुणासाठी?"

ताटली हिंचक्यावर ठेवून ते धावलेच. मी मागे. चोकडीत विनू ताठ उभा होता. कुठून तरी कापून आलेला मांजा त्याच्या गळ्याभोवती आणि डाव्या मनगटाभोवती गुरफटला होता. गळा आणि दोरा यांच्यामध्ये त्याचा हात आला होता, म्हणून वाचला. मांज्याचं दुसरं टोक पेरूच्या झाडावरून वर गेलं होतं आणि वरून कुणीतरी, खाली काय आहे हे ठाऊक नसताना, ते ओढत होतं. विनूच्या मनगटातून रक्त येत होतं आणि तोंड आमच्या दिशेने वळलेलं होतं. बाबांनी एक शब्द न बोलता तो ताणलेला मांजा मुठीत धरला आणि सगळा जोर लावून खाली खेचला. "कात्री!" ते ओरडले. मी स्वयंपाकघरातून कात्री आणली, पण ताणलेला दोरा कात्रीत येईना. शेवटी एकदाचा तुटला. तो सुटल्यावर विनू चोकडीत खाली बसला. बाबा त्याच्यासमोर बसले आणि त्यांनी ओल्या फरशीवर पाय आपटला. तो हसला नाही. पण बघत राहिला त्यांच्याकडे, खांद्यापलीकडे नव्हे, तोंडाकडे.

बाबांची उजव्या हाताची तर्जनी खोल कापली होती. तबल्यावर सगळ्यात जास्त काम त्याच बोटाचं. पुढे किती तरी महिने त्यांनी विद्यार्थ्यांना नुसतं तोंडाने बोल सांगून शिकवलं, आणि बोट बरं झालं तरी पूर्वीची सफाई काही परत आली नाही. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. लोकांनी विचारलं तर "पतंग उडवत होतो" असं ठोकून द्यायचे, आणि आयुष्यात एकदाही पतंगाला हात न लावलेल्या माणसाने हे सांगितलेलं ऐकून मला गंमत वाटायची.

त्या दिवशी आई अगासीवरून खाली आली तेव्हा बाबा हाताला फडकं गुंडाळून विनूच्या मनगटावर हळद दाबत होते. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिच्या हातात तिळगुळाचा डबा तसाच होता. "म्हणजे हाक मारली त्याने," ती म्हणाली. मग डबा खाली ठेवून ती ढसाढसा रडली. थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, "पण तुम्हाला मारली. मला नाही." बाबा म्हणाले, "मला कुठे? माझ्या पायाला." आई त्यावर हसलीसुद्धा. पण हे तिच्या मनात राहिलं, मला ठाऊक आहे. पुढची कितीतरी वर्षं विनू असाच हाक मारत राहिला. भूक लागली, ताप आला, चप्पल सापडेना, की लेहरा समेआधी थांबायचा आणि तो बघायचा हिंचक्याकडे. स्वयंपाक करून, न्हाऊ घालून, रात्री पाय चेपून देणारी आई, आणि मानाची हाक मात्र हिंचक्याला. "काय करू, मी पाय आपटायला शिकले नाही," असं ती हेतलबेनला म्हणायची. हेतलबेन लग्न होऊन सुरतेला गेली, तिकडेही तिने हेच काम चालू ठेवलं. अधूनमधून तिचा मोबाइलवर निरोप येतो, बोलून पाठवलेला. सूर अजून खालीच असतो.

मी हे सगळं एवढ्या बारकाईने लिहितेय खरी, पण त्या दिवसांत मला त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं आपलं कॉलेज, आपली परीक्षा, आणि हे घरचं चाललेलंच आहे. विनू सुधारला का, असं लोक अजून विचारतात. तो अजून बोलत नाही. पन्नाशीकडे झुकलाय, केस पांढरे झालेत, वरण त्याला पातळच लागतं. पण तो अडकला की घरात कळतं.

बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. झोपेतच गेले, फार हाल झाले नाहीत. दिवस झाल्यावर पाहुणे पांगले आणि संध्याकाळी घरात आई, मी आणि विनू एवढेच उरलो. हिंचक्यावर कुणीतरी सतरंजी वाळत घातली होती. आई दिवाणावर भिंतीला टेकून बसली होती, गुडघ्यांमुळे तिला आता चटकन उठता येत नाही. विनू आतून आला, जमिनीवर बसला आणि लेहरा गुणगुणू लागला. फेरी पूर्ण होत आली, समेच्या आधी तो थांबला आणि त्याने दाराकडे, हिंचक्याकडे पाहिलं.

माझा पाय उचलला गेला होता. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो खाली दाबला. "थांब जरा," ती म्हणाली.

विनू बराच वेळ दाराकडे बघत होता. सतरंजी वाऱ्याने थोडी हलली. त्याने पुन्हा लेहरा धरला, पुन्हा तिथेच थांबला, पुन्हा दाराकडे पाहिलं. मग त्याने मान वळवली. माझ्यावरून नजर गेली ती थांबली नाही. आईच्या तोंडावर येऊन थांबली.

"आले रे," आई म्हणाली. "आले, आले."

दिवाणाची कड धरून ती उठायला लागली. तिला वेळ लागत होता. विनू थांबला होता.